गाण्याआधी नंबर सांगावा लागतो

तोत्तोरी, २१ मे १९८६

ताई,

तुझं अक्षर मला ओळखू येणार नाही, असं तुला वाटलंच कसं? जोडकार्डाच्या उत्तराच्या अर्ध्यावर आपला पत्ता आपणच लिहून पाठवायचा असतो. काल ते अर्धं परत आलं. पत्ता माझा, नाव माझं, आणि अक्षर तुझं! तोच तो लांब शेपटीचा 'शि'.

आणि आलं ते माझ्या हातात नाही. पोस्टमनने बागेच्या तोंडाशी कुमेको मावशींच्या हातात दिलं. झाडावरच्या कोवळ्या नाशपातींना कागदी पिशव्या बांधायला यंदा सात जणी आहेत आणि मावशी त्यांच्या सरदार. त्यांनी ते मांडवाखाली उभं राहून मोठ्याने वाचलं : "यानागिदा हिसाशी यांस, रविवारच्या दूरदर्शन गायन स्पर्धेच्या चाचणीसाठी आपली निवड झाली आहे. शनिवार, १४ जून, नगर सभागृह." सातही जणींनी हातातल्या पिशव्या खाली टाकून टाळ्या पिटल्या. बाबा शिडीवर होते. ते म्हणाले, "हं." एवढंच.

हजारभर कार्डं गेली होती म्हणे, त्यातली दोनशे चिठ्ठ्या टाकून काढली. मावशींच्या सुनेने चार वर्षं कार्ड टाकलं, तिचं एकदाही लागलं नाही. आणि ज्याने टाकलंच नाही त्याचं लागलं.

आता नीट ऐक. गाण्याची मला भीती नाही. गाताना माझी जीभ अडत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून तर हा उद्योग केलास. पण कार्डावर सूचना छापल्यात त्या वाच : स्टेजवर आल्यावर आपला नंबर व गाण्याचं नाव माईकमध्ये स्पष्ट सांगावं, मग गावं. नंबर गाण्याच्या पहिल्या अक्षराच्या क्रमाने. तू लिहिलंस 'यामागोए नो बसु', घाटापलीकडची बस. गाणं माझ्या आवडीचं, कबूल. पण 'या' येतो वर्णमालेच्या शेपटाला. म्हणजे माझा नंबर शंभराच्या खूप पुढे. आणि शंभराच्या पुढचा प्रत्येक आकडा सुरू होतो 'ह्याकु'ने, म्हणजे 'शंभर'ने. 'ह'! ज्या अक्षरावर मला स्वतःचं नाव घेता येत नाही, तेच. 'अ'चं एखादं गाणं तरी लिहायचंस, पहिल्या दहात उरकलं असतं.

मी जाणार नाही.

राग कार्डाचा नाही. लहानपणी दुकानात तू बोलायचीस, दातांच्या डॉक्टरकडे तू बोलायचीस, बसमध्ये कंडक्टर माझ्याकडे बघायचा आणि उत्तर तू द्यायचीस. लग्न होऊन होक्काइदोला गेलीस, पंचवीस वर्षं झाली, आणि तिथे बसूनही माझ्या वतीने तूच बोलतेस. मी छत्तीस वर्षांचा आहे, ताई.

हिसाशी

ता. क. हे फोनवर सांगितलं असतं तर तुला फक्त माझा श्वास ऐकू आला असता. कागदावर मात्र मी जिल्ह्यातला सगळ्यात वाचाळ माणूस आहे.


होक्काइदो, २६ मे

हिसा,

तुझं पत्र गोठ्यात उभ्या उभ्या वाचलं. आधी मी चिडले. म्हटलं, एवढं चांगलं केलं तर वर हा मलाच झापतो! बुन्जींना वाचून दाखवलं, वाटलं नवरा तरी बाजू घेईल. ते दुधाची बरणी घासता घासता म्हणाले, "त्याचं बरोबर आहे." मग त्यांच्यावरही चिडले. दोन दिवस घरात कोणाशी धड बोलले नाही. आता शांत होऊन लिहिते आहे, आणि जे लिहिणार आहे ते सव्वीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

तू पाचवीत होतास. शरदातल्या शाळेच्या समारंभात ओगिनुमा बाईंनी तुला एकट्याला गायला निवडलं होतं. तू धावत घरी आलास, चपला सुद्धा काढल्या नाहीस. 'ह' अडला, 'गाणं' अडलं, शेवटी तू ते गाऊनच सांगितलंस. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, घर माझ्या अंगावर होतं. पुढच्या वसंतात माझं लग्न ठरलेलं. गाण्याआधी नाव आणि वर्ग सांगायचा असतो. सगळा गाव बसलेला असणार. हसतील, मी इथे नसेन, आणि ते हसू तुझ्या मागे आयुष्यभर लागेल.

चार दिवसांनी बाई म्हणाल्या, यंदा सहावीतला मुलगा गाईल. तुला वाटलं असेल, तालमीत तुझं नाव अडलेलं बाईंनी पाहिलं. तसं नव्हतं. मी गेले होते त्यांच्याकडे, टोपलीभर नाशपाती घेऊन. म्हटलं, त्याला काढा. बाई म्हणाल्या, "अडू दे की थोडा. एकच तर वाक्य आहे." मी ऐकलं नाही. रडून गोंधळ घातला. त्यांनी शेवटी मान हलवली, पण नाशपाती घेतल्या नाहीत. ती टोपली तशीच उचलून परत आणताना मला काही कळायला हवं होतं.

तू म्हणतोस मी तुझ्या वतीने बोलत आले. त्या दिवशी मी तुझ्याविरुद्ध बोलले, हिसा.

कार्ड टाकलं ते म्हणून. आणि टाकतानाही तुला न विचारता टाकलं. माझी खोड जात नाही.

जाऊ नकोस हवं तर. गेलास तर मी विमानाने येते, पुढच्या रांगेत बसते. तू सांग.

इसोए


तोत्तोरी, १ जून

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दोन अख्ख्या रांगांमधल्या पिशव्यांच्या तारा उलट्या पिळल्या. दुसऱ्या दिवशी कुमेको मावशींनी त्या सगळ्या सोडवून परत बांधल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. मावशी बोलल्या नाहीत म्हणजे माझा चेहरा कसा असेल बघ.

सव्वीस वर्षं मला वाटत होतं की बाईंनी मला ऐकलं आणि त्या घाबरल्या. त्यानंतर शाळेत कोणी वाचायला उभं केलं की मी आधीच मान खाली घालायचो. म्हटलं, ओगिनुमा बाईंसारख्या चांगल्या बाईंनाही माझी लाज वाटली, तर इतरांचं काय! आणि तू सांगतेस की त्या म्हणाल्या होत्या, "अडू दे की थोडा."

तीन दिवस तुझ्यावर राग होता. चौथ्या दिवशी मांडवाखाली हात वर करून काम करताना ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं, आणि मला चक्क हसू आलं. कोणीतरी माझ्याबद्दल इतकं साधं बोललं होतं. ते माझ्यापर्यंत पोचायला सव्वीस वर्षं लागली, पण पोचलं. तुझ्यावरचा राग पूर्ण गेला असं नाही म्हणत. एकोणीस वर्षांची होतीस, घाबरली होतीस, हे कळतं. उरलेला राग हप्त्याहप्त्याने फिटेल.

मी जातोय. पण तू येऊ नकोस. तू पुढच्या रांगेत असलीस की जीभ अडताक्षणी माझे डोळे तुझ्याकडे वळणार, आणि तुझ्या तोंडून नंबर बाहेर पडणार. आपण दोघं एकमेकांना ओळखतो.

इथे तयारी जोरात आहे. बायका दिवसभर मला नंबर विचारतात. मी झाडाआड गेलो की पलीकडून आरोळी : "नंबर?" मी म्हणतो, अजून मिळालाच नाही, तो सभागृहात मिळतो. तर म्हणतात, "मग शंभर ते दोनशे सगळे म्हणून ठेव!" परवा मी एकशे चारवर इतका वेळ अडकलो की मावशींनी तेवढ्यात सोळा पिशव्या बांधल्या. मोजून सांगितलं त्यांनी. हसल्या, मीही हसलो. त्या हसण्याने काही दुखलं नाही, याचं मलाच नवल वाटलं.

बाबा नेहमीसारखेच. "चल." "जेव." "हं." फक्त एक झालं. मांडवाच्या तारेला आपला रेडिओ टांगलेला असतो ना, तो परवा सकाळी जागेवर नव्हता. बायकांनी आरडाओरडा केला. बाबांनी घरात नेऊन ठेवला होता. कोणी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवलं आणि कानामागे हात धरला. मग मला गावंच लागलं.

हिसाशी


होक्काइदो, ६ जून

हिसा,

नाही येत. तिकीट काढलं होतं, हेही सांगून टाकते. बुन्जी जाऊन परत करून आले.

या कागदावर मी तुला सात सूचना लिहिल्या होत्या. श्वास कसा घ्यायचा, कोणता शर्ट, वगैरे. तो कागद फाडला, हा नवा घेतला. यावर सूचना नाहीत.

(निळा शर्ट.)

एक विनंती मात्र आहे. शनिवारी संध्याकाळी निकाल कळला की बाबांना मला एक फोन करायला सांग. तू करू नकोस, त्यांना सांग. "झाला" किंवा "नाही" एवढाच एक शब्द. एवढं तर ते करतील? आजवर त्यांनी मला एकदाही फोन केलेला नाही. माझी पोरं झाली तेव्हाही नाही. आपल्याशी बोलायला माणूस एवढा कंजूष कसा होतो, मला कधी कळलं नाही.

इसोए


नगर सभागृह, शनिवार १४ जून, संध्याकाळ

ताई,

सभागृहाच्या पायऱ्यांवर बसून लिहितोय. निकालाला अजून अर्धा तास आहे. बाबा शेजारी भाताची ओनिगिरी खातायत. तिसरी.

नंबर एकशे एकाहत्तर.

बारा-बारा जणांना स्टेजवर खुर्च्यांवर बसवतात. एक उठतो, नंबर सांगतो, पाऊण मिनिट गातो, "धन्यवाद" म्हणतात की पुढचा. खाटकाकडच्या सुरीसारखा वेग. सकाळपासून मी खाली बसून बघत होतो. एक दंतवैद्य दाताच्या ब्रशच्या वेशात आले होते. तीन नर्स होत्या, सुरुवात विसरल्या आणि हसत सुटल्या. एक आजोबा आपल्या बैलाचा फोटो छातीला लावून गायले. ताई, इतक्या लोकांना एका छपराखाली इतकं खूश मी कधी पाहिलं नाही. वाईट गाणारेही खूश. वाईट गाणारे तर जास्तच.

एकशे सत्तर नंबरने संपवलं आणि मी उठलो. माईक माझ्या उंचीला करून दिला. मी तोंड उघडलं.

काही नाही.

तुला माहीत आहे ते कसं असतं. दार आहे, कडी दिसते आहे, हात कडीवर आहे, आणि दार भिंत होतं. सभागृहात पंखे फिरत होते ते ऐकू येत होते. मागच्या खुर्चीवर एकशे बाहत्तर नंबरची बाई होती, पोस्टात काम करणारी, तिचंही हेच गाणं. तिला दया आली. ती अर्धी उठून माईककडे वाकली आणि म्हणाली, "एकशे एका—"

मी हात वर केला. वळून मान हलवली. नको. ती चटकन बसली.

समोर टेबलाशी निवड करणारे चौघं होते. त्यातल्या एकाने हातातली पेन्सिल खाली ठेवली, हाताची घडी घातली आणि थांबला. घड्याळाकडे नाही बघितलं त्याने. "अडू दे की थोडा" असाच चेहरा होता. मग कुठूनतरी ते आलं. आधी 'ह' आला, त्याच्यामागून बाकीचा आकडा ओढत ओढत आला. "एकशे एकाहत्तर. यामागोए नो बसु." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण.

त्यानंतर गाणं म्हणजे उतारावरची सायकल. त्यांनी "धन्यवाद" म्हटलं तेव्हा मी घाटाच्या अर्ध्यावर होतो, थांबायलाच तयार नव्हतो.

खाली आल्यावर ती पोस्टातली बाई म्हणाली, "माफ करा, मी मध्ये बोलले." मी म्हटलं, "माझ्या बहिणीची सवय आहे ती." हे वाक्य एका दमात आलं. आम्ही दोघं हसलो.

थांब, आत बोलावतायत.


नंतर.

वीस जणांचे नंबर वाचले. एकशे छप्पन्न, एकशे अडुसष्ट, एकशे एकाहत्तर. बाबांनी माझा गुडघा इतका जोरात धरला की निळा पडला असेल. बाईचा नंबर नाही आला. तिने मला घशाच्या गोळ्यांचं पाकीट दिलं.

उद्या सव्वाबाराला. थेट प्रक्षेपण. घंटेचा एक टोला पडला की नमस्कार करून खाली, दोन टोले पडले की हसत खाली. घंटांची पूर्ण सर वाजली तर पास, आणि मग निवेदक नाव विचारतो. म्हणजे पास झालो तरच बोलायचं. तेव्हा मी देवाकडे दोन टोलेच मागतोय.

बाबांना फोनचं सांगितलं. ते सभागृहातल्या फोनपर्यंत गेले, नाणं टाकलं, नंबर फिरवला, रिसीव्हर कानाला धरून उभे राहिले आणि परत ठेवला. हातानेच खूण केली, लागला नाही.

हिसाशी


होक्काइदो, रविवार १५ जून, दुपार

हिसा!

कालपासून फोनची वाट बघत होते. संध्याकाळी एकदा वाजला, उचलला तर कोणी बोलेना, मग कट झाला. मी समजले की नाही झालं, आणि बाबांना ते सांगवलं नाही. रात्रीचं जेवण करपवलं. आज दुपारी टीव्ही लावला तो नुसता आपला गाव बघायला. आणि पहिल्यांदा वीस जण ओळीने आत येतात ना, त्यात मागच्या रांगेत निळा शर्ट!

मी किंचाळले. बुन्जी अंगणातून धावत आले, त्यांना वाटलं गाय घरात शिरली.

तुझ्याआधी अकरा जण गायले, त्यातलं मला एक आठवत नाही. तू उभा राहिलास. गायलास. हिसा, ते गाणं तू न्हाणीघरात गुणगुणायचास ते मी ऐकलं होतं. पण असा पूर्ण आवाज, तोंड उघडून, छातीतून! कुठे ठेवला होतास इतकी वर्षं?

आणि घंटा वाजल्या. दोनावर थांबतील म्हणून मी डोळे मिटले, तर थांबेचनात! वरपासून खालपर्यंत सगळ्या वाजल्या. तू असा दचकलास जसा कोणी पोलीस तुला पकडायला आला आहे.

निवेदक धावत आला. "अभिनंदन! आपलं नाव?"

माझ्या तोंडात ते आलंच होतं. जिभेच्या टोकावर. इथे होक्काइदोत, माझ्या घरात, तिथे कोणाला ऐकू जाणार नव्हतं, तरी मी एप्रन उचलला आणि तोंडात कोंबला. दातांनी धरला. बुन्जी म्हणाले, "टीव्ही बिघडला की काय? आवाज गेला." मी त्यांना लाथ मारली.

तू माईककडे बघत होतास. निवेदकही थांबला, चांगला माणूस. आणि मग तू म्हणालास, "यानागिदा हि—", थांबलास, आणि परत मागे न जाता तिथूनच पुढे, "—साशी."

पूर्ण देशाला कळलं तुझं नाव. एप्रनला भोक पडलं आहे.

"काय करता?" तर तू म्हणालास, "नाशपाती. आणि सात बायका मला ओरडतात." सगळं सभागृह हसलं. ते हसू मी इथे बसून नीट ऐकलं. ज्याची मला सव्वीस वर्षं भीती वाटली ते हसू नव्हतं ते.

मग कॅमेरा लोकांवर फिरला आणि मला बाबा दिसले. सगळे बसून टाळ्या वाजवत होते, ते एकटे उभे. त्यांचे ओठ हलत होते. तुझं नाव घेत होते ना? तुला अडलेलं बघून ते तुझ्याऐवजी म्हणायला उठले असणार. कधी नाही ते त्यांचं प्रेम दिसलं. पण त्यांना सांग, मी एप्रन चावला, तुम्हीही काहीतरी चावायचं.

इसोए


तोत्तोरी, २० जून

ताई,

नाही. बाबा माझं नाव घेत नव्हते.

घरी येताना ट्रकमध्ये मी त्यांना विचारलं, "तुम्ही उभे राहून काय म्हणत होतात?" तुझं पत्र यायच्या आधीच विचारलं. ते नेहमीसारखे समोर बघत गाडी चालवत राहिले. मग समुद्राकडच्या वळणावर, जिथे कांद्याची शेतं संपतात, तिथे त्यांनी ट्रक बाजूला घेतला. इंजिन बंद केलं. आणि म्हणाले :

"शा—"

पुढे काही येईना. त्यांचा जबडा थरथरत होता, मान ताठ झाली होती, स्टिअरिंगवरचा हात मुठीत गेला होता. ताई, मी तो चेहरा कधी बाहेरून पाहिला नव्हता. तो माझा चेहरा होता. मी पेन्सिल खाली ठेवणाऱ्या त्या माणसासारखा हाताची घडी घालून बसून राहिलो. लाटा आल्या, गेल्या. मग आलं : "शाबास." तेच ओरडायला ते उभे राहिले होते. आणि तिथे अडले.

मग त्यांनी सांगितलं. पाऊण तास लागला, नीट बोलणाऱ्या माणसाला पाच मिनिटं लागली असती. लहानपणापासून त्यांचं असंच. शाळेत छडी. एकविसाव्या वर्षी सैन्यात घेतलं, तिथे रोज सकाळी रांगेत उभं करून नंबर मोजायला लावायचे. एक, दोन, तीन, चार, आणि बाबांपाशी येऊन रांग तुटायची. ते अडले की सगळ्या रांगेला थोबाडीत. दोन्ही बाजूंच्या पोरांना त्यांच्यामुळे मार. युद्धातून परत आले ते ठरवूनच की आता तोंड उघडायचं नाही. "हं", "चल", "जेव" हे तीन शब्द त्यांना अडत नाहीत, म्हणून ते तीन. बाकी सगळं आई बोलायची. त्यांच्या वतीने. आई गेल्यावर मग तू.

मला लहानपणी ओठांवर बोट ठेवून गप्प बसवायचे ना? आपल्याला वाटायचं त्यांना माझा राग येतो. त्यांना माहीत असलेलं एकच औषध ते मला देत होते.

तुझ्या पोरांच्या वेळी त्यांनी फोन केला होता. दोन्ही वेळा. शनिवारीही केला. तू "हॅलो, हॅलो" म्हणत राहिलीस.

त्या पाऊण तासाच्या शेवटी मी म्हटलं, "बाबा, मला का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "अडलं." आणि हसायला लागले. मी बाबांना असं हसताना पाहिलेलं नाही, पोट धरून, डोळ्यांतून पाणी. मागून येणारा ट्रकवाला थांबून विचारून गेला, मदत हवी का म्हणून. बाबांनीच त्याला उत्तर दिलं. त्या बिचाऱ्याने पूर्ण होईपर्यंत थांबून ऐकलं.

आता खरी बातमी ऐक. ते थांबतच नाहीत! सोमवारपासून बागेत बाबा बोलतायत. हवेबद्दल बोलतात, पिशव्यांच्या कागदाबद्दल बोलतात, चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या एका घोड्याबद्दल काल दोन तास बोलले. एकेक वाक्य घाट चढल्यासारखं, पण चढतात. बायका हातातलं काम सोडून ऐकतात, यंदा पिशव्या वेळेत होतील असं दिसत नाही. आज दुपारी कुमेको मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिसाशी, तुझं गाणं झकास झालं, सगळं झकास झालं. पण यांना बंद कुठून करायचं?"

घोड्याची गोष्ट अजून संपलेली नाही. ऑगस्टात ये. तुझ्यासाठी पुन्हा सुरुवातीपासून सांगणार आहेत.

हिसाशी